अडीच सेकंदांचा उशीर

रोज सकाळी साडेसहाला आम्ही आठ-दहा माणसं रेडिओवर भेटतो. सगळे नाशिकचे, कोणी घरात, कोणी गच्चीवर, कोणी फिरायला निघालेला, हातात वॉकीटॉकीसारखा सेट. याला हॅम रेडिओ म्हणतात. परीक्षा द्यायची, सरकारचा परवाना घ्यायचा आणि मिळालेल्या कॉलसाइनने, म्हणजे रेडिओवरच्या नावाने, एकमेकांशी बोलायचं. बोलण्यात फार काही नसतं. गंगापूर रोडला धुकं आहे, पंचवटीत पाणी आलं नाही, कोणाच्या तरी अँटेनावर घार बसून ती वाकली. पण एखादा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. आम्ही या भेटीला हजेरी म्हणतो. एकजण कॉलसाइन पुकारतो, बाकीचे आपापल्या पाळीने बोलतात.

हजेरीचा नियम एकच. बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकू येतं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंही काही कळत नाही, कानठळ्या बसवणारा चिरका आवाज येतो फक्त. म्हणून समोरच्याचं बोलून झालं की श्वासभर थांबायचं. कोणाला तातडीचं काही सांगायचं असेल तर त्याला फट मिळते. हा नियम आम्हाला ज्यांनी शिकवला, आणि वर्षानुवर्षं जे हजेरी पुकारायचे, त्यांना आम्ही सर म्हणतो. शाळेतले सर नव्हेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्याइतकं न चुकता थांबणारा माणूस मी पाहिलेला नाही. घरीसुद्धा बायकोचं वाक्य संपल्यावर थांबायचे. काकू वैतागून म्हणायच्या, "झालं माझं, ओव्हर. आता बोला."

या माणसाला मी चार महिने दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणारा म्हातारा करून ठेवलं. मुद्दाम. हजेरीतल्या लोकांना ते आता माहीत आहे. माझ्या घरात माहीत नाही. हे वाचल्यावर कळेल.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. पन्नाशी ओलांडली. शिकवणारे वेगळे असतात, मी मीटर, वायरी आणि बिघडलेले बोर्ड सांभाळतो. बोलायची मला सवय नाही. बावीस वर्षांपूर्वी सरांकडे गेलो तेव्हाही दारात उभा राहून "ते रेडिओचं..." एवढंच म्हणालो होतो. त्यांनी आत घेतलं, मोर्स शिकवलं, परीक्षेला बसवलं, पहिली अँटेना माझ्याबरोबर गच्चीवर चढून लावली. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या घरच्यांना भेटायला वडलांबरोबर सर आले होते. मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगा काही बोलत नाही?" सर म्हणाले, "ऐकतो चांगलं. संसाराला तेच लागतं."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. सरांचे गुडघे आधीच गेले होते. मुलाचं कळवणला औषधांचं दुकान, तिथे त्याने घर बांधलेलं. गंगापूर रोडचा फ्लॅट त्यांनी विकून टाकला आणि एप्रिलमध्ये सर कळवणला गेले. नाशिक आणि कळवणच्या मध्ये सप्तशृंगीची डोंगररांग आहे. आमच्या छोट्या सेटचा आवाज डोंगर ओलांडत नाही. सामान भरताना सर म्हणाले, "हजेरीला मोबाईलवरून फोन करून का येता येतं?" हसून म्हणाले, पण हसणं त्यांचं नव्हतं. मी म्हणालो, "सर, मी हजेरी कळवणला आणतो."

हे मी बोललो. बायको बाजूला उभी होती, तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

करायचं होतं ते असं. दोन डबे. एक माझ्या गच्चीवर, एक कळवणला. प्रत्येक डब्यात एक जुना रेडिओ सेट, हाताच्या पंजाएवढा छोटा कॉम्प्युटर आणि दोघांना जोडणारं आवाजाचं कार्ड. नाशिकमध्ये कोणी बोललं की माझा डबा ऐकणार, ते इंटरनेटवरून कळवणला पाठवणार, आणि तिथला डबा सरांच्या घराभोवती हलक्या शक्तीने प्रक्षेपित करणार. सर पलंगावर बसून हातातल्या सेटवर बोलले की उलटा प्रवास. त्याला नोड म्हणतात. तयार मिळतात, पण तयार आणलेल्या वस्तूत सरांना रस नसतो हे मला ठाऊक होतं.

मे महिना त्यात गेला. आवाजाचं कार्ड म्हणजे पेनड्राइव्हएवढी चकती. ती उघडून आतल्या तांदळाच्या कणीएवढ्या पायाला केसासारखी वायर जोडायची, म्हणजे कॉम्प्युटरला रेडिओचं बटण 'दाबता' येतं. तीन चकत्या जाळल्या. चौथीला हात स्थिरावला. कळवणच्या डब्यासाठी बायकोने आपणहून स्टीलचा जुना मसाल्याचा डबा दिला, कारण रेडिओच्या लहरींनी कॉम्प्युटर बावचळू नये म्हणून बाहेर पत्रा हवा होता. कितीही धुतला तरी गरम झाल्यावर त्याला धण्याचा वास यायचा. परवानगीचा अर्ज सरांनीच लिहिला. "कागद हातात आल्याशिवाय बटण दाबायचं नाही," म्हणाले. कागद आला. जूनमध्ये मी एसटीने कळवणला जाऊन त्यांचा डबा बसवला.

पहिल्या दिवशी आवाज जुळवायला अर्धी सकाळ लागली. सर एक ते दहा आकडे म्हणत होते, मी इकडे आवाजाची पातळी वर-खाली करत होतो. "सात" म्हणताना त्यांचा आवाज फाटायचा. शेवटी त्यांनी विचारलं, "आता?" मी म्हणालो, "समोर बसल्यासारखा." दुसऱ्या दिवशी साडेसहाला सरांनी कळवणहून आपलं कॉलसाइन दिलं. सगळे एकदम बोलले, आणि तोच चिरका आवाज आला. सर म्हणाले, "मी दोन महिने नव्हतो तर शिस्त गेली वाटतं."

त्या दिवशी मी लॅबमध्ये कोणाला तरी स्वतःहून चहा पाजला.

आता दुसरा माणूस. त्याचं घराणं मखमलाबादकडचं, फुलांचं. गुलाब, जरबेरा, दसऱ्याला झेंडू. चाळिशीचा आहे. लिलावात ओरडून कमावलेला त्याचा आवाज, सेट बंद असला तरी ऐकू येईल असा. मी मनात त्याला फुलवाला म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. हातांनी धड एक जोड मारता येत नाही, सगळं तयार आणतो. पण कोणालाही हसत हसत गप्प करू शकतो. "काका, तुमच्या गुडघ्याचं उद्या ऐकू, आज बाकीचे लोकं हायेत." आणि ते काका गप्प बसतात, वर खूशही होतात.

ऑगस्टमध्ये एका सकाळी हजेरी संपताना सर म्हणाले, "माझ्याकडून एवढ्या लांबून पुकारणं बरोबर नाही. डब्याला काही झालं तर सगळे ताटकळतील. उद्यापासून हजेरी हे घेतील," आणि फुलवाल्याचं कॉलसाइन दिलं.

माझा सेट हातात होता. बटणावर अंगठा होता. मी ऐकत राहिलो. एकेकाने अभिनंदन केलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "छान." बायकोने पोहे पुढे केले आणि विचारलं, "तुम्हाला नाही का विचारलं सरांनी?"

"नाही," मी म्हणालो.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "आणि त्यांचा तो डबा कोणी केला?"

ती माझ्या बाजूने बोलत होती, ते मला हवं होतं. दिवसभर मी ते चघळलं. लॅबमध्ये, घरी येताना, जेवताना. ज्या माणसाला मी त्याचं गाव डोंगरापलीकडे नेऊन दिलं, त्याने माझ्याच डब्यातून, माझ्याच जोडणीतून, खुर्ची दुसऱ्याला दिली. ती बातमी माझ्या गच्चीवरून शहरभर गेली. मला ती पाठवावी लागली, असं मला वाटत होतं.

पोळ्याच्या आसपास कळवणचं इंटरनेट आठवडाभर तुटक आलं. आवाज चावल्यासारखा यायचा, शब्दांचे तुकडे. यावर उपाय साधा आहे. माझ्या डब्यातल्या एका फाईलमध्ये एक आकडा असतो; तो वाढवला की कळवणला जाणारा आवाज थोडा वेळ साठवून मग सलग पाठवला जातो. आवाज गुळगुळीत होतो, फक्त उशिरा पोहोचतो. मी तो एक सेकंदावर नेला. त्यात वाईट काही नव्हतं. सरांनीच फोन करून सांगितलं, "आता चांगलं येतंय."

पण एक सेकंदाने काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. फुलवाल्याने बोलून बटण सोडलं. नाशिकला सगळे श्वासभर थांबले आणि आमच्यातले बँकेतले काका बोलू लागले. कळवणला सरांच्या कानावर फुलवाल्याचं शेवटचं वाक्य तेव्हा कुठे संपत होतं. सर आपल्या नियमाने थांबले, आणि त्यांना वाटलं जागा रिकामी आहे. त्यांनी बटण दाबलं. इकडे काकांच्या बोलण्यावर सर चढले.

"सर, जरा थांबून," फुलवाला आदबीने म्हणाला.

सरांनी बटण सोडून पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "सॉरी. माझी चूक."

बावीस वर्षांत ते शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मला कारण कळलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी इंटरनेट सुधारलेलं होतं, आकडा खाली आणायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी फाईल उघडली, पाहिली आणि बंद केली.

दहा मिनिटांनी सरांचा फोन आला. "अरे, मी सकाळी मध्ये बोललो का?"

"होतं असं कधी कधी, सर."

"नाही, पण मी थांबलो होतो. मोजून."

"हो, सर."

मग ते इकडचं-तिकडचं बोलले. सून भाकरी चांगली करते, पण कळवणला वाचनालय दुपारी बंद असतं. पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर पुन्हा फोन. "आज दोनदा झालं." तिसऱ्या दिवशी पुन्हा. सर मला असा रोज फोन कधी करत नव्हते. नाशिकमध्ये असताना मी त्यांच्या घरी जायचो तेव्हा कायम दुसरं कोणीतरी बसलेलं असायचं, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. आता ते हजेरीनंतर फक्त मलाच विचारत होते. फुलवाल्याला नाही.

मी आकडा अडीच सेकंदांवर नेला. हे मात्र साफ मुद्दाम केलं. लॅबमध्ये मीटर जुळवतो तितक्याच शांतपणे केलं.

त्यानंतर सर रोज कोणावर ना कोणावर चढू लागले. कधी त्यांना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत फुलवाल्याने पुढच्याला पुकारलेलं असायचं, आणि सर मागच्याच प्रश्नाचं उत्तर देत. लोकांना हसू यायचं, मग वैताग. एकदा बँकेतले काका म्हणाले, "सरांचं टपाल कळवणहून निघालंय, येईल." सगळे हसले. फुलवाला हसला नाही. "काका, सरांनी मला अँटेनाचा अ शिकवलाय," एवढंच बोलला. हसणाऱ्यांत मी होतो. बटण दाबून नाही, घरात, एकटा.

फुलवाल्याने मला फोन केला. "तुमचं ऐकतात सर. तुम्ही बघा ना, डब्यात काही हाय का?"

"डबा ठीक आहे," मी म्हणालो. "वय आहे."

हे वाक्य मी उच्चारलं.

ऑक्टोबरनंतर सर कमी बोलू लागले. कॉलसाइन द्यायचे, "ऐकतोय" म्हणायचे, आणि संपेपर्यंत पुन्हा येत नसत. दिवाळीच्या फराळाबद्दल सगळे बोलत असताना त्यांना विचारलं तर उत्तर आलंच नाही. मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांचे फोन यायचे, पण त्यांत आता प्रश्न नसायचे. "मी मध्ये बोललो का?" हे विचारणं त्यांनी सोडलं होतं. आपण मध्ये बोलतो, हे त्यांनी धरूनच घेतलं होतं.

जानेवारीत सुनेचा फोन आला. ती देवळ्याची, मोकळी बोलणारी. "भाऊ, बाबांना तुम्ही काही बोलले का? लय गप झालेत. सेट ऐकतात, पण बोलायचं म्हटलं की हात काढून घेतात. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणे वयाच्या मानाने ठीक हे. तरी बाबांनी हट्ट करून मशीन घेतलं. म्हणे मला लोकांचं बोलणं कधी संपतं तेच कळत नाय."

मी "बघतो" म्हणालो. फोन ठेवला. लॅबमध्ये मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं, एकाने विचारलं, "सर, हे उलटं जोडलंय का?" मी जोडणी न बघताच "हो" म्हणालो.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. वर मी बायकोला "नाही" म्हणालो असं लिहिलं आहे. ते खोटं होतं. सरांनी मला विचारलं होतं. दोनदा.

पहिल्यांदा जूनमध्ये, कळवणला त्यांच्या गच्चीवर. मी अँटेनाचा खांब आवळत होतो, ते खुर्चीवर बसून पाना देत होते. म्हणाले, "हजेरी नाशिकच्या कोणीतरी घ्यायला हवी. तू घेशील?" मी म्हणालो, "मी कुठला, सर. तुम्ही आहात की." दुसऱ्यांदा जुलैमध्ये, फोनवर. "त्याचं काय ठरवलंस?" मी म्हणालो, "बघू, सर."

आमच्या घरात पंगतीला पहिल्यांदा "नको" म्हणतात. दुसऱ्यांदाही ताटावर हात आडवा धरतात. वाढणारा तिसऱ्यांदा आग्रह करतो, तेव्हा हात काढायचा. पहिल्या हाकेला "हो" म्हणणारा अधाशी. मी असाच वाढलो. मी तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत होतो. मनात पुकारायची तालीमसुद्धा केली होती, गच्चीवर, हळू आवाजात. पण सर रेडिओचे माणूस. त्यांच्याकडे "नाही" म्हणजे "नाही". "बघू" म्हणजे सिग्नल नाही. त्यांनी दोनदा पुकारलं, उत्तर आलं नाही, ते पुढच्या स्टेशनकडे वळले. त्यांनी माझा विश्वासघात केला, असं मी स्वतःला पाच महिने सांगत होतो. त्यांना तर काय झालं हे माहीतही नव्हतं.

शनिवारी कळवणची एसटी धरली. आधी कळवलं नाही.

सर पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. कानात मशीन. माझा डबा टेबलावर होता, त्यावर धुतलेला नॅपकिन टाकलेला. "अरे, तू," म्हणाले. "बस. इथे जोरात बोलू नकोस, हे यंत्र सगळंच ऐकवतं. वाटीत चमचा ठेवला तरी तोफ." सून पाणी देऊन आत गेली.

टेबलावर त्यांची वही होती. हॅम लोक कोणाशी, किती वाजता बोललो हे लिहून ठेवतात. सर रोज लिहायचे. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, जसा पेशंट रिपोर्ट दाखवतो. "बघ. सुधारणा नाही."

नेहमीच्या रकान्यांच्या उजवीकडे त्यांनी एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: मध्ये बोललो. खाली रोजचे आकडे. तीन. दोन. चार. तीन. एका दिवशी पाच, त्याच्यापुढे पेन्सिलीने: लक्ष नव्हतं का? दुसऱ्या दिवशी: पाच मोजून बोलायचं ठरवलं, तरी दोनदा. नोव्हेंबरपासून बरीच पानं नुसती शून्यांची, कारण ते बोललेच नव्हते.

"सर," मी म्हणालो. वही मिटून टेबलावर ठेवली. ते थांबले. त्यांना थांबता येतं.

"मी केलंय ते. डब्यात. आवाज तुमच्याकडे उशिरा येतो. मी उशीर वाढवला."

"इंटरनेट खराब होतं तेव्हा?"

"तेव्हा एक सेकंद. मग सुधारलं, तरी मी काढला नाही. नंतर वाढवला."

"किती?"

"अडीच."

त्यांनी कानातलं मशीन काढून हातात धरलं, त्याकडे पाहिलं. "म्हणजे माझा कान बरोबर होता."

"हो, सर."

"मी थांबत होतो."

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. ते आधी सुटकेचं होतं. पाठ थोडी ताठ झाली. मग ते उतरलं आणि त्यांनी विचारलं, "का?"

मी सांगितलं. खुर्ची, फुलवाला, दोनदा विचारलेलं, तिसऱ्यांदा न विचारलेलं. रोज येणारा फोन मला आवडायचा, हेही सांगितलं. सांगताना ते सगळं इतकं लहान वाटत होतं. सरांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मला वाटलं तुला नको आहे. तुला त्रास नको म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही."

आतून सुनेने विचारलं, "भाऊ, जेवूनच जाल ना?"

"दाखव," सर म्हणाले.

मी लॅपटॉप उघडून नाशिकच्या डब्यातला आकडा मूळ जागी आणला. बायकोला फोन करून गच्चीवरच्या डब्याच्या चाचणीच्या माइकमध्ये आकडे म्हणायला लावले, ती "कशाला?" म्हणाली, मी म्हटलं, "टेस्टिंग." एका कानाला तिचा फोन आणि समोर सरांचा सेट. एक, दोन, तीन. फोनवरचा आवाज आणि सेटवरचा आवाज जवळजवळ एकत्र येत होते. सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत चार वेळा मोजायला लावलं. मग फोन ठेवायला सांगितला.

"आता बरोबर आहे, सर. आता काही होणार नाही."

"डबा बरोबर आहे," सर म्हणाले. "पण मी उद्या बटण दाबताना विचार करीन, आज किती ठेवलाय. परवाही करीन. याची किल्ली तुझ्या घरी आहे." नॅपकिनची घडी घातली. "हा घेऊन जा."

"सर, मग तुम्ही हजेरीला..."

"ते माझं मी बघतो." मग थोड्या वेळाने: "आणि हे तू तिथे सांग. मी सांगितलं तर म्हाताऱ्याची तक्रार होईल. सगळ्यांनी माझं मध्ये बोलणं जिथे ऐकलंय, तिथेच हेही ऐकू दे."

मी डबा मांडीवर घेऊन परत आलो. वणीला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "मसाला का?" मी "हो" म्हणालो.

सोमवारी साडेसहाला फुलवाल्याने माझं कॉलसाइन पुकारलं. बायको बाजारात गेली होती, मी ती वेळ बघूनच सांगायचं ठरवलं होतं, एवढंही लपवलं. बटण दाबून मी सगळं सांगितलं. बटण सोडलं. कोणी बोललं नाही. श्वासभर नव्हे, कितीतरी वेळ. मला वाटलं माझा सेटच बंद पडला. मग फुलवाला म्हणाला, "ऐकलं." आणि पुढचं कॉलसाइन पुकारलं.

बँकेतल्या काकांचा फोन दुपारी आला. "टपाल म्हणालो मी त्यांना. चारचौघांत. ते तू माझ्याकडून करून घेतलंस." मी काही बोलण्याआधी त्यांनी फोन ठेवला. सरांच्या मुलाचा फोन आला नाही. सुनेचाही आला नाही. ती मला भाऊ म्हणायची.

महिन्याने फुलवाल्याचा आला. तो सरांसाठी नवा नोड करत होता. दोन चकत्या जाळून झाल्या होत्या. "तुम्ही मला फोनवर सांगत जा, मी हातानं करतो," तो म्हणाला. "सरांना काय कळणार नाय."

"आधी त्यांना विचारा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं. "विचारलं. नको म्हणाले." थोडं थांबून म्हणाला, "मी पुन्हा विचारलं नाय."

त्याने तयार वस्तू आणून, कोणाकोणाला विचारून, कसाबसा जोडला. मार्चपासून सर पुन्हा हजेरीला येतात. आपल्या पाळीने बोलतात, थांबून, कोणावर चढत नाहीत. कळवणच्या द्राक्षांचं सांगतात, नातीच्या परीक्षेचं सांगतात. मशीन कपाटात ठेवून दिलं, असं एकदा म्हणाले. माझं कॉलसाइन पुकारलं जातं तेव्हा मी "ऐकतोय" म्हणतो. त्यावर सर काही बोलत नाहीत, आणि बाकीच्यांनी ते तसं सोडून दिलं आहे.

नव्या डब्यातून त्यांच्या आवाजामागे सतत एक बारीक गुणगुण येते. वीजपुरवठ्याचा चार्जर आणि रेडिओ एकाच अर्थिंगला दोन ठिकाणी जोडले की ती येते. एक वायर काढली की जाते. फुलवाल्याला ती सापडलेली नाही. परवा बँकेतले काका म्हणाले, "सर, तुमच्यामागे माशी बसलीय का?" सर म्हणाले, "असू दे. मला सवय झाली."

माझ्या हातात सेट होता. कोणती वायर ते मला माहीत आहे. सरांनी नको म्हटलं आहे, म्हणून मी बटण दाबलं नाही.